लातूरमधून तूर वेगळी कशी काढायची?

मागच्या अंकात एक्सेलवर लिहिताना शेवटी सहज म्हणलं होतं की फाईल फार फुगली की एक्सेल सोडा आणि छोटी स्क्रिप्ट धरा. त्या एका वाक्यावर एवढे मेसेज आले की महिनाभर मी तेच वाचायलो. सगळ्यांना उत्तर देणं होत नाही, त्यातले पाच-सहा घेतलेत. कमांडची नावं बोलतो तशीच लिहिलीत, तुम्ही टाईप करताना अर्थात इंग्रजी स्पेलिंग टाकायचं. चिन्हं मात्र जशीच्या तशी.

सर, आमचं लातूरच्या मोंढ्यात आडत दुकान आहे, वडलांचं, मी बीकॉम करून आता दुकानावरच बसायलो. सॉफ्टवेअरमधून जुन्या पट्ट्यांची सीएसव्ही फाईल काढली (स्वल्पविरामानं रकाने पाडलेली साधी फाईल) तर ती 14 लाख ओळींची निघाली, एक्सेल अर्धीच उघडतंय. मला एवढंच पाहिजे की मागच्या हंगामात आपल्याकडं हमीभावाखाली किती तूर गेली. एका मित्रानं ग्रेप नावाची शोधायची कमांड वापर म्हणलं. ग्रेप तूर असं केलं तर अख्खी फाईलच परत आली. बेजार झालोय, काय करू?

दादा, पहिलं म्हणजे एक्सेलचा दोष नाही, त्याच्या एका शीटमधी 10,48,576 ओळीच मावतात, वरच्या साडेतीन लाख कुठं गेल्या म्हणून शोधू नका. आणि ग्रेपचं ऐकून मी दोन मिनिटं हसत बसलो, कारण ग्रेपनं चूक केलीच नाही. तुम्ही पाठवलेल्या नमुन्यातली ही ओळ बघा:

12-01-2025,4471,तूर,औसा,8.40,7325,61530,लातूर

तारीख, पट्टी नंबर, माल, गाव, क्विंटल, दर, रक्कम, बाजार. शेवटच्या रकान्यात काय आहे? लातूर. आणि लातूर या शब्दाच्या पोटात तूर आहे की हो! तुमच्या फाईलमधली प्रत्येक ओळ लातूरची, त्यामुळं सोयाबीन असो का हरभरा, ग्रेपला सगळीकडं तूर सापडणारच. ग्रेप 1973 मधी केन थॉम्प्सननं केलेलं, त्याला रकाना-बिकाना काही माहीत नसतो, ओळीत कुठंही ती अक्षरं एकापुढं एक दिसली की ओळ बाहेर.

तुम्हाला रकाना समजणारं हत्यार पाहिजे, आणि ते म्हणजे ऑक. 1977 मधी बेल लॅबमधल्या आहो, वाइनबर्गर आणि कर्निगन या तिघांनी केलेलं, तिघांच्या आडनावांची पहिली अक्षरं जोडून नाव. ऑकमधी डॉलर तीन म्हणजे तिसरा रकाना, डॉलर सहा म्हणजे सहावा, डॉलर शून्य म्हणजे अख्खी ओळ. ऑक लिहून पुढं हायफन, कॅपिटल एफ आणि स्वल्पविराम द्यायचा, म्हणजे रकाने स्वल्पविरामानं तुटतात, आणि मग एकेरी अवतरणात अट:

$3 == "तूर" && $6 < 7550 && $1 ~ /2025$/

माल बरोब्बर तूर, दर 7550 च्या खाली (2024-25 च्या हंगामाचा तुरीचा हमीभाव 7,550 होता), आणि तारीख 2025 नं संपणारी. एवढीच स्क्रिप्ट, याच्यात इंग्रजी शब्दसुद्धा नाही. अट खरी झाली की ऑक ती ओळ छापतं, नाही झाली की पुढं जातं. 14 लाख ओळींना चहा येईस्तोवरसुद्धा वेळ लागत नाही.

पण लगेच वडलांना आकडा सांगायला जाऊ नका. आधी तिसरा रकाना तेवढा वेगळा काढा, तो सॉर्टला द्या, पुढं युनिकला हायफन सी लावून द्या, म्हणजे कोणतं नाव किती वेळा आलंय ते कळतं. (सॉर्ट आधी पाहिजेच, युनिक फक्त शेजारशेजारच्या सारख्या ओळी एकत्र करतं.) मी पैजेवर सांगतो की तुमच्याकडं तूर निघेल, तुर निघेल, तूर लाल निघेल, तूर पांढरी निघेल, आणि एक तूर अशी निघेल जिच्यामागं एक स्पेस चिकटलेली असेल आणि डोळ्यानं दिसणार नाही. दहा वर्षांत मुनीम बदलले असतील, प्रत्येकाचा ऱ्हस्व-दीर्घ वेगळा. कोणत्या तुरी धरायच्या ते तुम्ही ठरवायचं, ते कॉम्प्युटर ठरवत नाही.

दुसरं, दर कसा लिहिलाय ते बघा. जुन्या काही ओळींत दर "7,325" असा, अवतरणात आणि मधी स्वल्पविराम घालून आला असेल तर घोळ झालाच. ऑक त्या स्वल्पविरामावरही रकाना तोडतं, सहाव्या रकान्यात उरतं एक अवतरणचिन्ह आणि सात. तो आकडा नाही, म्हणून ऑक त्याची 7550 शी अक्षर म्हणून तुलना करतं, आणि अवतरणचिन्ह अक्षरक्रमात आकड्यांच्या आधी येतं, म्हणजे तसली प्रत्येक ओळ हमीभावाखाली! भाव 9,000 असला तरी. अशी फाईल असली तर पायथन या भाषेचं सीएसव्ही मॉड्यूल वापरा, त्याला अवतरणं कळतात. नव्या ऑकमधीही 2023 पासून सीएसव्हीचा पर्याय आलाय, पण आकड्यातला स्वल्पविराम दोन्हीकडं तुम्हालाच काढावा लागतो.

तिसरं. फाईल विंडोजवरून आली असली आणि तुम्ही लिनक्सवर किंवा मोबाईलवर चालवत असला तर ओळीच्या शेवटी एक न दिसणारं अक्षर राहतं, कॅरेज रिटर्न. जुन्या टाईपरायटरचा गाडा मागं ओढायचे ना, त्याचं भूत. ते शेवटच्या रकान्याला चिकटतं, आणि मग शेवटचा रकाना "लातूर" आहे का विचारलं की ऑक म्हणतं एकही नाही. एका टोकाला अख्खी फाईल, दुसऱ्या टोकाला शून्य. डॉस टू युनिक्स नावाची छोटी कमांड आहे, आधी तिच्यातून फाईल काढून घ्या.

आणि एक माझ्या कर्माची गोष्ट. उदगीरच्या एका ओळखीच्या दुकानदाराची दोन वर्षांच्या पावत्यांची फाईल मी सॉर्ट करून त्याच नावानं परत लिहायला गेलो, म्हणजे डावीकडं जी फाईल तीच उजवीकडं बाणाच्या पुढं. शेल, म्हणजे आपल्या कमांड चालवणारा प्रोग्राम, काय करतं, कमांड सुरू करायच्या आधीच बाणापुढची फाईल रिकामी करून ठेवतं. सॉर्टला मिळाली रिकामी फाईल, त्यानं ती इमानदारीनं सॉर्ट केली. पेनड्राईव्हवर जुनी कॉपी निघाली म्हणून वाचलो, नाहीतर त्या गल्लीतून जायची सोय राहिली नसती. निकाल नेहमी नव्या नावाच्या फाईलमधी.

नमस्कार सर, मी बीडला एका वकील साहेबांकडं टायपिंगला आहे. साडेचार हजार नावांच्या यादीतून फक्त ॲड. लावलेली नावं काढायची होती, नोटपॅडमधी शोधलं तर बाराशेच सापडली. डोळ्यानं बघितलं तर शेकड्यानं सुटलेली दिसतात. तेच ॲड., तेच टिंब. मग सापडंना का?

ताई, तेच नाही ना. दिसायला एक, आतून तीन.

पहिला ॲ हे एकच अक्षर आहे, युनिकोडमधी (कॉम्प्युटरवरच्या सगळ्या भाषांच्या अक्षरांची यादी) 2008 साली आलं. दुसरा अॅ म्हणजे साधा अ आणि त्याच्यावर वेगळी चंद्रकोर, दोन अक्षरं. तिसरा ऍ, हासुद्धा एकच अक्षर, पण हिंदीवाल्या कीबोर्डातून येतो आणि काही फॉन्टमधी ए वर चंद्र दिल्यासारखा दिसतो. तुमच्या यादीत तिघंही असणार कारण यादी तीन-चार जणांनी, कोणी जुन्या कॉम्प्युटरवर, कोणी मोबाईलवर टाईप केलेली. नॉर्मलायझेशन नावाचा एक उपाय लोक सांगतात, तो इतर ठिकाणी कामाला येतो पण इथं नाही, कारण युनिकोडच्या लेखी ही तीन वेगवेगळी अक्षरंच आहेत. तिघांची नावं घेऊनच विचारावं लागतं:

(ॲ|अॅ|ऍ)ड\.

उभ्या रेघेचा अर्थ किंवा. टिंबाच्या आधी उलटी तिरपी रेघ का, ते खाली सेनगावच्या पत्रात येतंय. आता एक चूक सगळे करतात, मीही केली, ती म्हणजे कंसाऐवजी चौकोनी कंस, [ॲअॅऍ] असा. चौकोनी कंस म्हणजे यातलं कोणतंही एक अक्षर, आणि मधला अॅ तर दोन अक्षरांचा. मग नुसता अ सुद्धा चालतो, नुसती चंद्रकोर सुद्धा चालते, आणि खरा अॅड. मात्र त्यातल्या चंद्रकोरीवरून अर्धाच पकडला जातो. मराठीत जोडून येणारं काहीही असलं, काना असो, मात्रा असो, की गोल कंस आणि उभी रेघ वापरा.

ग्रेपला हायफन कॅपिटल ई लावून ही अट द्या. आणि यादीतला काही भाग जुन्या डीटीपीवाल्याकडून आला असेल, कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या फॉन्टमधला, तर तो भाग आधी युनिकोडमधी कन्व्हर्ट करून घ्यावा लागेल. त्या फाईलमधी मराठी नसतंच मुळात, इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, त्यांना फक्त मराठीचा मुखवटा घातलेला असतो. फॉन्ट बदलला की मुखवटा उतरतो.

सर मी परभणीला कृषी विद्यापीठात एमएस्सी करायलीय. महसूल मंडळवार रोजचा पाऊस, मराठवाड्यातले सगळे जिल्हे, 1995 पासून, बऱ्याच टेक्स्ट फाईली जमवल्यात. तुमचं वाचून ऑक शिकले. 65 मिलिमीटरच्या वरचे दिवस काढले तर एका फाईलमधी वर्षाचे सगळे दिवस अतिवृष्टीचे निघाले. आणि त्याच फाईलची बेरीज केली तर शून्य. एकाच फाईलमधी पूर पण आणि दुष्काळ पण, असं कसं?

हे पत्र मला सगळ्यात आवडलं. पूर पण आणि दुष्काळ पण, मराठवाड्याचं वर्णन तुम्ही ऑककडून करून घेतलंत.

तुमच्या फाईलमधली ही ओळ:

१४/०७/२०१६ | सेलू | वालूर | १२.५

आकडे देवनागरी आहेत. आपल्याला ते आकडे, ऑकला ती अक्षरं. तुम्ही विचारलं चौथा रकाना 65 पेक्षा मोठा आहे का. ऑक बघतं की एका बाजूला अक्षरं आहेत, मग ते दुसऱ्या बाजूच्या 65 लाही अक्षरं समजतं आणि शब्दकोशात लावतात तशी तुलना करतं. देवनागरीतली सगळी अक्षरं युनिकोडच्या रांगेत इंग्रजी आकड्यांच्या फार मागं उभी आहेत, म्हणजे क्रमानं मोठी. ० सुद्धा 9 पेक्षा मोठा! म्हणून कोरडा दिवससुद्धा अतिवृष्टीत जातो. बेरजेत मात्र अक्षराची तुलना चालत नाही, तिथं आकडाच पाहिजे, ऑक प्रयत्न करतं, आकडा सापडत नाही, शून्य धरतं. दोन्ही ठिकाणी एकही एरर नाही. एरर देणारा प्रोग्राम बरा, निदान सांगतो तरी. असला गप्प बसून चुकणारा लई वाईट.

यावर सोपा उपाय पायथन. पायथनच्या इंट आणि फ्लोटला देवनागरी आकडे थेट कळतात, १२.५ दिलं की 12.5 मिळतं, काही करावं लागत नाही. ऑकमधीच राहायचं असेल तर आधी ० ते ९ बदलून 0 ते 9 करून घ्या, सेडमधी (मजकुरात अदलाबदल करायचं हत्यार) वाय नावाची कमांड त्याचसाठी आहे, दहा अक्षरं इकडं, दहा तिकडं, लोकेल (कॉम्प्युटरची भाषेची सेटिंग) यूटीएफ आठचं असलं पाहिजे. आणि रकाने उभ्या रेघेवर तोडताना रेघेच्या दोन्ही बाजूंच्या स्पेस साफ करा, नाहीतर " सेलू " आणि "सेलू" हे दोन तालुके होतील.

आता तुम्ही विचारलं नाही ते. पाऊस पडला नाही तिथं काय लिहिलंय? मी नमुना चाळला तर कुठं 0, कुठं निरंक, कुठं नुसती आडवी रेघ, आणि कुठं काहीच नाही. निरंक म्हणजे पाऊस शून्य. आडवी रेघ म्हणजे शून्य का नोंदच आली नाही? रिकामा रकाना म्हणजे काय? हे ज्या कार्यालयातून फाईल आणली तिथं जाऊन विचारा. स्क्रिप्टमधी सगळ्यांना शून्य करणं एका ओळीचं काम आहे आणि तीच एक ओळ तुमचा प्रबंध झोपवू शकते, कारण यंत्र बंद पडलेला आठवडा कोरडा आठवडा म्हणून मोजला जाईल. आणि ऑकमधी निरंक सुद्धा 65 पेक्षा मोठाच आहे हं, त्याच नियमानं.

65 मिलिमीटर ही अट शासनाच्या अतिवृष्टीच्या नुकसानभरपाईत चालते, हवामान खात्याचा मुसळधारचा आकडा 64.5 पासून सुरू होतो, 115.6 पासून पुढं अति मुसळधार. प्रबंधात कोणता धरलाय ते लिहा आणि स्क्रिप्टमधी तो आकडा एकदाच, सगळ्यात वर, नाव देऊन ठेवा. गाईडनं उद्या बदल म्हणलं तर सतरा ठिकाणी शोधत बसू नका.

जिल्ह्यांचं तर वेगळंच. 1995 पासूनचा डेटा म्हणताय, मग हिंगोली 1 मे 1999 च्या आधी सापडणार नाही, तेव्हा ती परभणीतच होती. कळमनुरी, वसमत आधी परभणीखाली येतील, नंतर हिंगोलीखाली, आणि परभणीचा पाऊस एकदम घटल्यासारखा दिसेल. 2023 नंतरच्या फाईलींत औरंगाबाद जाऊन छत्रपती संभाजीनगर येतं, उस्मानाबाद जाऊन धाराशिव. कोणी नुसतं संभाजीनगर लिहितं. कोणी अजून जुनंच. हे हातानं बदलत बसू नका, दोन रकान्यांची एक छोटी फाईल करा, डावीकडं फाईलमधी येणारं नाव, उजवीकडं तुम्हाला पाहिजे ते नाव, आणि स्क्रिप्टनं आधी ती वाचायची, मग मोठी फाईल वाचताना प्रत्येक नाव तिच्यात बघायचं. यादीत नसलेलं नाव आलं की मुकाट्यानं पुढं न जाता ती ओळ वेगळ्या फाईलमधी टाकायची. दुसऱ्या दिवशी ती उरलेली फाईल उघडा, आंबाजोगाई, अंबेजोगाई, अंबाजोगाई सगळ्या बहिणी तिथं बसलेल्या दिसतील.

पर्ल शिकू का पायथन? मी नांदेडला पॉलिटेक्निकला आहे.

पायथन. पर्ल माझं पहिलं प्रेम आहे, लॅरी वॉलनं 1987 साली असल्याच कामासाठी, रिपोर्ट काढायला केलेली भाषा, मजकूर चिरफाड करण्यात तिचा हात अजून कोणी धरत नाही. पण अडलं तर विचारायला आजूबाजूला माणूस पाहिजे आणि नांदेडमधी पायथनवाला प्रत्येक गल्लीत मिळेल. फक्त एक गोष्ट ध्यानात ठेवा. पायथनच्या नेहमीच्या रेगेक्स (खुणा देऊन मजकूर शोधायची पद्धत) मॉड्यूलमधी शब्दातलं अक्षर म्हणजे काय याची जी व्याख्या आहे तिच्यात आपला काना-मात्रा-वेलांटी बसत नाही. शब्द काढायला सांगितलं तर तूर चा त आणि र सुटे करून हातात देतं. एवढंच नाही, शब्दाची सीमा पाहून तूर शोध म्हणलं तरी लातूर सापडतो, कारण ला मधल्या कान्यापाशी शब्द संपला असं त्याला वाटतं. पर्लमधी हा त्रास नाही. पायथनमधी रेगेक्स याच नावाचं बाहेरचं मॉड्यूल इन्स्टॉल केलं की तिथंही नाही.

सेनगाव तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीत डेटा ऑपरेटर आहे. गावांच्या यादीतून पिंपरी (बु.) काढायचंय. एकदा सापडतं, एकदा सापडत नाही, कधी भलतंच सापडतं. दुसरं म्हणजे गट नंबर 12/3 होता तो 12-मार्च झाला, असे दोन-तीनशे झालेत.

भाऊ, तुम्ही एका दमात रेगेक्सची तीन सगळ्यात खोडकर चिन्हं टाईप केलीत, उघडा कंस, बंद कंस आणि टिंब. रेगेक्समधी टिंबाचा अर्थ टिंब नाही, कोणतंही एक अक्षर. म्हणून बु. लिहिलं की बुद्रुक मधला बुद पण बसतो, बुजुर्ग मधला बुज पण बसतो. आणि कंस हे गट पाडायचं चिन्ह. त्यात गंमत अशी की साध्या ग्रेपमधी कंस म्हणजे कंसच असतो, पण हायफन कॅपिटल ई लावलं किंवा पायथनमधी गेलात की तोच कंस गट होतो, मग तो कंस असलेली पिंपरी सोडून देतो आणि कंस नसलेली पिंपरी बु. धरून आणतो. एकदा सापडतं एकदा सापडत नाही ते यामुळं.

लिहिलंय अगदी तसंच शोधायचं असेल तर ग्रेपला हायफन कॅपिटल एफ लावा, मग सगळी चिन्हं गरीब होतात. पण तुमच्या यादीत एकच गाव पिंपरी बु, पिंपरी बु., पिंपरी (बु), पिंपरी बुद्रुक असं चार परींनी असणार, तर हे घ्या, पायथनमधी किंवा ग्रेप हायफन कॅपिटल ई ला चालेल:

पिंपरी *\(?(बुद्रुक|बुजुर्ग|बु)\.?\)? *$

उलटी तिरपी रेघ लावली की पुढच्या चिन्हाचा खोडकरपणा बंद. प्रश्नचिन्ह म्हणजे असेल किंवा नसेल. स्पेसपुढची चांदणी म्हणजे स्पेस कितीही, शून्य पण चालतील. डॉलर म्हणजे इथं ओळ संपली पाहिजे, ओळीत नुसतं गावाचं नाव असेल तर. बुद्रुक-बुजुर्ग एकच हो, फारसीतलं बुजुर्ग म्हणजे थोरलं, आणि खुर्द म्हणजे धाकटं, जुन्या दप्तरातून तसंच आपल्याकडं राहिलं. मात्र हे सगळं झालं तरी दोन तालुक्यांत दोन पिंपऱ्या बुद्रुक असू शकतात, म्हणून शेवटी नावावर जोडणी करूच नका. प्रत्येक गावाला एलजीडी कोड (सरकारी यादीतला गावाचा नंबर) आहे, तो रकाना मागून घ्या आणि त्याच्यावर जोडा.

गट नंबरचं दुःख माझ्याकडं औषध नसलेलं आहे. एक्सेलनं सीएसव्ही उघडताना 12/3 ला तारीख समजलं, तुम्ही सेव्ह केलं, आता फाईलमधी खरंच 12-मार्च लिहिलंय. 245/1 सारखे वाचले, कारण ती तारीख होत नाही. 12-मार्च परत 12/3 करायची स्क्रिप्ट पाच मिनिटांत लिहून देईन, पण तो मुळात 12/3 होता का 12/03 का 12-3, ते कसं कळणार? मूळ फाईल परत मागा, आणि यावेळी डबल क्लिक करून उघडू नका, एक्सेलमधी डेटा मेनूतून आत घ्या आणि तो रकाना टेक्स्ट म्हणून निवडा. खाते नंबर सोळा आकड्यांचे असले तर तिथंही हेच करा, पंधरा आकड्यांच्या पुढचं एक्सेल शून्य करून टाकतं.

दादा, कळंबहून लिहितेय. आमच्या बचत गटाची महिन्याची जमा व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो, अमुक तमुक 500 जमा असं. दोन वर्षांचं चॅट एक्सपोर्ट केलं. ह्याच्यातून कोणी किती भरले ते निघंल का? माझ्याकडं लॅपटॉप नाही, मोबाईलच आहे.

निघंल की ताई. मोबाईलवर टर्मक्स नावाचं ॲप घ्या, त्यात पायथन इन्स्टॉल होतं, एवढ्याला पुरतं.

चॅटच्या फाईलमधी प्रत्येक मेसेज तारखेनं सुरू होतो, पण कोणी एंटर मारून चार ओळींचा मेसेज लिहिला असला तर खालच्या तीन ओळींना तारीख नसते आणि ओळीओळीनं वाचणारी स्क्रिप्ट त्या कोणाच्या ते ओळखत नाही. म्हणून आधी ही खूण:

^[0-9]+/[0-9]+/[0-9]+,

सुरुवातीला आकडे, तिरपी रेघ, आकडे, तिरपी रेघ, आकडे, स्वल्पविराम. तुमच्या फोनच्या सेटिंगप्रमाणं चौकोनी कंस पुढं असेल तर तोही धरावा लागेल. ओळ या खुणेनं सुरू झाली तर नवा मेसेज, नाहीतर आधीच्या मेसेजला जोडायची. काही फोनमधून वेळ आणि एएम-पीएम यांच्यात जी मोकळी जागा येते ती कीबोर्डवरची स्पेस नसते, वेगळीच अरुंद जातीची असते, त्यामुळं तिथं स्पेस टाईप करून शोधू नका. पायथनमधी कोणतीही मोकळी जागा अशी खूण आहे, ती वापरा.

मग ज्या मेसेजमधी जमा हा शब्द आहे तेवढेच घ्या. आणि इथंच थांबून ते एकदा वाचून काढा, सगळे, जमतील तेवढे. कारण कोणी लिहिलेलं असतं 500 जमा झाले नाहीत अजून. कोणी लिहितं माझे आणि जाऊबाईंचे मिळून 1000 जमा. कोणी पाचशे अक्षरात. आणि एक जण मेसेज चुकला म्हणून तोच परत टाकते. यातलं किती स्क्रिप्टनं धरायचं आणि किती वहीत बघून हातानं दुरुस्त करायचं ते आधी ठरवा. दोन वर्षांचे, समजा पंधरा बायांचे, साडेतीनशे-चारशे मेसेज होतील, त्यातले वाकडे तीस-चाळीस. ते वाकडे स्क्रिप्टला शिकवण्यात तुमचे दोन रविवार जातील, हातानं अर्ध्या तासात होतील.

सरळ आहेत त्यांची नाववार बेरीज स्क्रिप्टकडून, वाकडे वेगळ्या फाईलमधी. चॅटमधला एक मेसेज नावं आणि नंबर खोडून मला पाठवा, कंस आहे का नाही ते बघून खूण दुरुस्त करून देतो.